मारबत, माग आणि तीन हजार ल्युमेन

प्रश्न : काका, नमस्कार. मी नागपुरात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटरॅक्टिव्ह मीडिया आणि प्रोजेक्शन या विषयासाठी सुरुवातीच्या कल्पना लिहून द्यायच्या आहेत. त्यातली एक निवडून वर्षभर करायची. माझ्या वहीत चार आहेत. मारबतीच्या मिरवणुकीत काळ्या मारबतीच्या, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्याच्या, तोंडावर प्रोजेक्शन करायचं, म्हणजे ती शहराच्या तक्रारी बोलून दाखवेल. झिरो माइलच्या स्तंभावर रात्री भारताचा नकाशा उलगडत जाईल. जमिनीवर नाग नदीचा नकाशा असेल, लोक त्यावरून चालले की पाणी सरकेल (२०२३ च्या पुरात अंबाझरी लेआउटमध्ये मावशीच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून हे डोक्यात आहे). चौथी फारच साधी वाटते : गोळीबार चौकाजवळ आमच्या जुन्या घरी आजोबांचा हातमाग बंद पडून आहे, त्यावर जुन्या काठांची डिझाइनं प्रकाशाने दाखवायची. कॉलेजचा प्रोजेक्टर तीन हजार ल्युमेनचा आहे. कोडिंग जेमतेम येतं. शिवाय सर म्हणतात, तुझे सगळे संदर्भ परदेशी आहेत. आपल्याकडे असं काही होतं का? आणि यातलं काय घेऊ?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : चौथी घे.

का, ते सांगण्याआधी उरलेल्या तिघींना जरा उन्हात धरावं लागेल. मारबतीला जास्त वेळ, कारण वाचताना मला तीच सगळ्यात आवडली.

मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दिवसा. दाट ढग असले तरी उघड्यावर काही हजार लक्स उजेड असतो आणि ऊन पडलं की लाखाच्या आसपास जातो. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरचा एकूण उजेड, त्याला चौरस मीटरने भाग, लक्स मिळतात. दोन चौरस मीटरच्या चेहऱ्यावर तुझे तीन हजार ल्युमेन म्हणजे दीड हजार लक्स, तेही प्रोजेक्टर अगदी नवा असेल तर. वरून पुतळा काळा. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, त्याच्याकडे फक्त उजेड आहे. चित्रातला काळा म्हणजे जिथे उजेड पडला नाही ती जागा. आणि काळ्या रंगावर उजेड टाकला तर तो बहुतेक सगळा गिळला जातो. पुतळा हलता, गाडीवर, भोवती अख्खं इतवारी आणि महाल लोटलेलं. तुला प्रोजेक्टर ठेवायला जागा कोण देणार, बाप्पा?

पण उजेडाचा प्रश्न सुटला असता तरी मी ही कल्पना आहे तशी नाकारली असती. तुझ्या कल्पनेत मारबत बोलते आणि लोक ऐकतात. खऱ्या मिरवणुकीत मारबत एक अक्षर बोलत नाही. लोक ओरडतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’, आणि ती मुकाट्याने सगळं घेऊन जाते. १८८० च्या दशकापासून हे चालत आलंय. बरोबरच्या बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या इतर पुतळ्यांवर, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत जे लिहिलेलं असतं, तेही लोकांचंच म्हणणं. म्हणजे ज्याला तुमच्या अभ्यासक्रमात इंटरॅक्शन म्हणतात ते तिथे आधीपासून आहे आणि तू त्याची दिशा उलटी केलीस. पुढे कधी करायचीच झाली तर रात्री, कॉलेजच्या आवारात, स्वतः केलेल्या बडग्यावर कर. त्याला पांढरा नाहीतर फिकट राखाडी रंग दे आणि समोर माइक ठेव. जो जितक्या जोरात ओरडेल तितकं काहीतरी त्या बडग्याच्या अंगावर चढू दे. खऱ्या मारबतीला मात्र हात लावू नकोस. ती कुणाच्या तरी श्रद्धेची आहे.

झिरो माइलवर फार वेळ घालवत नाही. स्तंभ अरुंद आहे, निम्म्याहून जास्त उजेड बाजूने निघून मागच्या झाडांवर पडेल. वारशाची वास्तू, म्हणून परवानग्या. बाजूला रहदारी, म्हणून आणखी परवानग्या. आणि नकाशा उलगडत असताना समोरचा माणूस काय करणार? मोबाइल काढणार. हा सिनेमा झाला, पडद्याच्या जागी दगड एवढंच.

नाग नदीची कल्पना खोटी नाही, ती घरातून आलेली आहे हे कळतं. अडचण अशी की नदीच्या नकाशावर चालणं ही कुणाची रोजची क्रिया नाही. लोक दोन पावलं टाकतील, पाणी हललं म्हणून हसतील, पोरं उड्या मारतील. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ज्यांच्या पलंगापर्यंत पाणी आलं, त्यांच्यासमोर ते तू कसं मांडशील? हा विषय शेवटच्या वर्षासाठी राखून ठेव आणि तोवर अमेरिकेतल्या डेव्हिसच्या विद्यापीठात तयार झालेला वाळूचा हौद बघ. वर खोली मोजणारा कॅमेरा आणि प्रोजेक्टर असतो. वाळू उपसली की तिच्यावर पडलेल्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा आणि रंग लगेच बदलतात, हात वर धरला की त्याखाली पाऊस पडतो आणि पाणी उताराने वाहतं. सॉफ्टवेअर खुलं आहे. तिथे माणूस हाताने बांध घालतो आणि पाणी कुठे तुंबतं ते त्याला दिसतं. अंबाझरी तलावाच्या सांडव्यापुढे काही उभं केलं की काय होतं हे दाखवायला पायापेक्षा हात बरा.

आता माग.

मी पंधरा-सोळा वर्षं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना लाइट दिले. दिवाळीनंतर वडशाकडे हंगाम सुरू झाला की रात्र-रात्र डिमरवर बसायचं. तिथला प्रेक्षक पहाटे तीनलाही जागा असतो, कारण तो गप्प बसलेला नसतो. शिट्ट्या, टाळ्या, ‘वन्स मोअर’, नट थांबतो आणि पुन्हा गातो. शहरातल्या प्रदर्शनांत मी उलटं पाहतो. महागडा सेन्सर, भिंतभर कण उडतायत, माणूस येतो, हात हलवतो, कण हलतात, माणूस जातो. पुन्हा येत नाही. भिंतीपुढे हात हलवायचं त्याला काही कारण नव्हतं म्हणून. म्हणून कल्पना कुठलीही असो, मी एवढंच विचारतो : या वस्तूशी माणूस आधीपासून काय करत आलाय? ते सापडलं की उजेडाने फक्त उत्तर द्यायचं.

मागाशी माणूस काय करतो हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. एक पावडी (पायाखालची पट्टी) दाबायची, ताण्याचे उभे दोरे वरखाली होतात, मधून आडवा दोरा घेऊन धोटा जातो, तो दोरा घट्ट बसवायला फणी ठोकायची. मग दुसरी पावडी. तू लिहिलंस ‘काठांची डिझाइनं दाखवायची’. दाखवू नकोस. विणू दे. पाहुणा मागावर बसेल, पावडी दाबेल आणि उजेडाची एक ओळ ताण्यावर उमटेल. दुसऱ्या पावडीने पुढची. चाळीस-पन्नास ओळींनंतर त्याला कळेल की आपल्या पायाखालून करवती काठ निघतोय. करवतीच्या दात्यांसारखा तो काठ सुरुवातीला घ्यायला सोपाही आहे, एकेका ओळीत दोन-तीन चौकोन पुढे-मागे सरकवले की दाता तयार होतो.

यातली गंमत पुढे आहे. साध्या विणीत एकच पावडी धरून ठेवून धोटा परत फिरवला तर बाणा, म्हणजे आडवा दोरा, अडकतच नाही, ओढला की निघून येतो. तेच तुझ्या प्रोग्रॅममध्ये ठेव : एकाच पायाने लागोपाठ दोनदा दाबलं की शेवटची ओळ उसवेल. सूचनेचा बोर्ड लावू नकोस. दोन मिनिटांत माणूस पाय आलटून पालटून टाकायला शिकतो.

यासाठी कॅमेरा नको, खोलीचा सेन्सर नको, एआय तर नकोच. एक जुना यूएसबी माउस उघड. डाव्या आणि उजव्या बटणाखाली दोन छोटे स्विच असतात. प्रत्येकाला तीन पाय, त्यातले कोणते दोन जोडले की क्लिक होतं ते तारेच्या तुकड्याने लावून बघ आणि तिथून दोन तारा बाहेर काढ. दरवाज्याच्या अलार्मला जो चुंबकाचा स्विच वापरतात तो मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्याच्या तळाशी बसव, चुंबक पावडीखाली. डावी पावडी डावं क्लिक, उजवी पावडी उजवं. माउसच्या पोटातल्या लाल दिव्यावर काळी टेप चिकटव, नाहीतर बाण पडद्यावर भटकत राहील. कोड पी-फाइव्ह जेएसमध्ये लिही, ते ब्राउझरमध्ये चालतं आणि फुकट आहे. उजव्या क्लिकला ब्राउझर स्वतःचा मेनू उघडतो, तो कोडमधून बंद करावा लागेल. आणि स्विच एकदा दाबला तरी आतला पत्रा थरथरतो, एका दाबाचे तीन क्लिक होतात. म्हणून एका क्लिकनंतर पाव सेकंद काही ऐकायचं नाही असं लिहून टाक. टचडिझायनर हे अशा कामाचं सॉफ्टवेअर नंतर शिक. त्याची फुकटची आवृत्ती १२८० बाय १२८० पिक्सेलवर थांबते, या कामाला तेवढं पुरतं, पण आत्ता एकाच वेळी दोन नव्या गोष्टींशी भांडू नकोस.

उजेडाचं गणित इथे तुझ्या बाजूने आहे. एक मीटर रुंद चित्र म्हणजे साधारण ०.५६ चौरस मीटर, तीन हजार ल्युमेनचे पाच हजारांवर लक्स होतात. खोलीत ट्यूबलाइट लागलेली असली तरी काठ ठसठशीत दिसेल. (हाच प्रोजेक्टर १२ मीटर रुंद भिंतीवर टाकलास तर ८१ चौरस मीटरमध्ये ३७ लक्स उरतात. रस्त्याचा दिवा तेवढ्याला पुसून टाकतो. मोठ्या इमारतींचे मनसुबे अशाने गळतात.) ऑफिसच्या प्रोजेक्टरला सहसा चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे तुला दीड मीटर. एवढ्या जवळ फोकस होतो का, ते मापं काढायच्या आधी बघ. काहींचा होत नाही. प्रोजेक्टर विणणाऱ्याच्या डोक्यामागे टांगशील तर त्याच्याच डोक्याची सावली काठावर पडेल. समोरून, ताण्याच्या बाजूने, वरून तिरका लाव. तिरपेपणा कोडमध्ये चार कोपरे ओढून सरळ कर. ताण्याच्या फटींतून उजेड खाली उतरतो, म्हणून खाली काळं कापड अंथर, नाहीतर दोऱ्यांवर एक काठ आणि तळाशी दुसरा दिसेल.

हे सगळं होण्याआधी, या रविवारी, एक काम कर. मागावर पांढरी चादर ताण, लॅपटॉप शेजारी ठेव, मैत्रिणीला स्पेसबार दाबायला बसव आणि आजोबांना पावडीवर. त्यांचा पाय पडला की ती स्पेसबार दाबेल. आजोबा बहुतेक म्हणतील की ओळ पावडीवर होत नाही, फणी ठोकल्यावर होते. ते बरोबर आहेत. मग तिसरा स्विच फणीवर जाईल. माउसच्या चाकाखाली तो आहेच.

प्रदर्शन एप्रिल-मेमध्ये असेल तर एक नागपुरी सूचना. बऱ्याच प्रोजेक्टरांची हद्द ३५ ते ४० अंशांपर्यंत असते. तुम्ही कूलर लावाल, लावाच, पण त्याचा ओला झोत प्रोजेक्टरवर येऊ देऊ नका.

राहिले सरांचे संदर्भ. परदेशी घ्यायचाच तर मायरन क्रूगर या अमेरिकी माणसाचं १९७० च्या दशकातलं काम बघ. कॅमेरा, प्रोजेक्टर आणि माणसाची सावली यांचा खेळ त्याने तेव्हाच मांडला होता. आपल्याकडचा हवा तर कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची शांबरिक खरोलिका. १८९० च्या दशकात हाताने रंगवलेल्या काचा दिव्यापुढे धरून ते पडद्यावर गोष्टी दाखवत. भारतात सिनेमा नुकता पोचत होता तेव्हाची ही गोष्ट. पण सरांना खरं तर आजोबांकडेच घेऊन जा. प्रोजेक्टचा मुख्य संदर्भ ते आहेत.

प्रश्न : मुलीला प्रोजेक्शनचा नाद लागला आहे. ऑनलाइन सहा-सात हजारांत दहा हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर दिसतो. घेऊ का? की जुना घ्यावा?
— एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : त्या दहा हजारांवर जाऊ नका. नुसते ‘ल्युमेन’ लिहिलेला आकडा कुणीही छापतो, ‘एएनएसआय ल्युमेन’ (ठरलेल्या पद्धतीने मोजलेले) किती ते विचारा. अशा खेळण्यांत तो बहुधा काही शेच निघतो. ‘फुल एचडी सपोर्ट’ हेही फसवं असतं, मूळ रिझोल्यूशन किती ते बघा. त्यापेक्षा एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना, चांगल्या कंपनीचा प्रोजेक्टर बरा. दुकानातच अर्धा-पाऊण तास चालू ठेवायला सांगा आणि मेनूत दिव्याचे तास वाचा. पूर्ण काळं चित्र लावून पांढरे ठिपके दिसतात का बघा, दिसले तर आतले सूक्ष्म आरसे गेलेत आणि ते वाढत जातात. नवा दिवा मिळतो का, केवढ्याला, हे व्यवहाराच्या आधी विचारा, कधीकधी दिवाच प्रोजेक्टरएवढा महाग पडतो. आणि बिल पक्कं मागा. ‘भाऊ, बिल कशाला, कच्च्यात स्वस्त पडते’ असं कुणी म्हटलं तर पुढच्या दुकानात जा.