स्टेम सेलच्या स्रावाने कॅन्सरच्या पेशी मरतात का?

तुमच्या मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. नाळेतल्या स्टेम सेलच्या (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) स्रावाचं इंजेक्शन घ्या, त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, असं एका क्लिनिकने सांगितलं आणि लॅबमधला व्हिडिओही दाखवला. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पेशींच्या लॅबमध्येच काम करते, म्हणून आधी व्हिडिओबद्दल. स्टेम सेल एक-दोन दिवस ज्या द्रवात ठेवतात, तोच स्राव म्हणून गाळून कॅन्सरच्या पेशींवर घालतात. मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. रंग फिका आला की पेशी मेल्या असं धरतात. पण तो द्रव वापरलेला असतो. त्यातलं ग्लुकोज कमी झालेलं, लॅक्टिक आम्ल साठलेलं. तशात कुठलीही पेशी मंदावू शकते. म्हणून त्वचेच्या साध्या पेशींनी वापरलेला द्रवही शेजारच्या खणात घालून बघावाच लागतो. तो नसेल तर मी तो निकाल धरत नाही.

समजा, परिणाम खरा निघाला. तरी हा स्राव दोन्हीकडे झुकतो. त्यात डीकेके-1 नावाचं प्रथिन असतं, ते काही कॅन्सरपेशींची वाढ रोखतं. त्यातच व्हीईजीएफ आणि आयएल-6 ही प्रथिनंही असतात; जखम भरायला ती उपयोगी, पण गाठीला नव्या रक्तवाहिन्या आणि वाढीचे संदेश पुरवणारीही तीच. 2006 मध्ये उंदरांतल्या कापोसी सार्कोमा या कॅन्सरची वाढ स्टेम सेलनी रोखली, पण तिथे पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श लागत होता, नुसता स्राव पुरत नव्हता. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रयोग 2007 चा, कॅन्सर-संशोधक रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या लॅबमधला. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींसोबत बोन मॅरोतल्या स्टेम सेल उंदरांत टोचल्या, तर कॅन्सर फुप्फुसात जास्त पसरला. कॅन्सरच्या पेशी शेजारच्या स्टेम सेलकडून सीसीएल-5 हे प्रथिन स्रवून घेत होत्या आणि त्याच्या जोरावर पसरत होत्या. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाला असं इंजेक्शन द्यायचं म्हटलं की मला म्हणूनच धास्ती वाटते.

रक्ताच्या कॅन्सरमधलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट स्टेम सेलचंच, पण वेगळं. ते मान्य उपचार आहेत, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 1983 पासून होतात.

आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे प्रयोग फक्त मंजूर ट्रायलमध्येच करता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिककडे सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. तो आणि बाकीचे कागद मावशींच्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा. तोवर चालू केमो थांबवू देऊ नका.