भावाचा करार, माझा ठेकेदार

प्रश्न : वणी तालुक्यातल्या एका कोळसा खाणीत मी ठेकेदाराकडे डंपर चालवतो. मोठे भाऊ तिथंच डिपार्टमेंटल, म्हणजे कंपनीचे कायम कामगार आहेत. पगारासाठी त्यांचं काम बंद पडलेलं मला आठवत नाही, आमचं मात्र वरचेवर पडतं. सरकारनं देशभर एकच मजुरी ठरवली तर संप थांबतील का?

उत्तर : नुसती मजुरी ठरवून थांबणार नाहीत. खाण कामगारांच्या युनियनचं ऑफिस सांभाळण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो.

भावाचा पगार राष्ट्रीय कोळसा वेतन करारानं, म्हणजे कोळसा कंपन्या आणि युनियन यांच्यातल्या करारानं ठरतो. अकरावा करार १ जुलै २०२१ पासून लागू, सह्या मात्र मे २०२३ मध्ये. तरी आमच्याकडची माणसं दम धरून राहिली. एरिअर्स मागच्या तारखेपासून मिळणार हे पक्कं होतं आणि बोलणी करायला आपली माणसं बसली होती. जुलै २०२० मध्ये तीन दिवस खाणी बंद झाल्या, त्या खासगी कंपन्यांना कोळसा विकायची मुभा दिली म्हणून. पगाराचा तिथं प्रश्नच नव्हता.

सरकारी धोरणानं संप वाढल्याचंही उदाहरण आहे. १९७८ मध्ये ब्रिटनच्या सरकारनं पगारवाढ ५ टक्क्यांवर अडवली, महागाई त्याहून जास्त असताना. आधी फोर्डचे कामगार उठले, मग ट्रकवाले, सफाईवाले. लिव्हरपूलला कबरी खोदणाऱ्यांनीही काम सोडलं.

आपल्याकडे २०१७ साली राष्ट्रीय किमान मजुरी रोज १७६ रुपये होती, तीही कायद्याच्या आधाराविना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनं तो आधार दिला. केंद्र जी पातळी ठरवेल, तिच्याखाली राज्याला जाता येणार नाही. हे चांगलंच झालं.

पण तुमचं दुखणं वेगळं आहे. कोळसा खाणीतल्या ठेकेदारी कामगारांसाठी कोल इंडियाच्या हाय पॉवर कमिटीनं ठरवलेले मजुरीचे दर आहेतच. माझ्यापुढं पोरं पासबुक उघडून बसायची. खात्यात पूर्ण दर जमा, दुसऱ्या दिवशी पैसे काढलेले, अन् त्यातला हिस्सा रोखीनं मुकादमाच्या हातात. नाही दिला तर उद्यापासून हजेरी नाही. ही उघड लूट आहे. तक्रार ऐकायला कोणी नसलं की पोरं डंपर उभे करतात, दुसरं काय करतील?

आता मात्र जपून. नव्या औद्योगिक संबंध संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरतात. नोटीस लेखी द्या, प्रत नागपूरच्या केंद्रीय कामगार आयुक्त कार्यालयात. सोबत प्रत्येकाच्या पासबुकाची झेरॉक्स जोडा. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो चुकवायची जबाबदारी खाणमालकावर येते, हेही त्यात लिहा.