हायब्रिड गाडीचं मुसकं

प्रश्न : आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला. मी शिवणकाम करते, आमचे हे शिक्षक आहेत. गेल्या वर्षी आम्ही 1.5 लिटरची हायब्रिड गाडी घेतली. पावसाळ्यात ती 24-25 चा अ‍ॅव्हरेज देते, डिसेंबर लागला की 19-20 वर येते. शाळा 11 किलोमीटरवर, सकाळपाळी असते, हे पावणेसातला निघतात. थंड देशांत लोक गाडीच्या समोरच्या जाळीला हिवाळ्यात आवरण लावतात असं मोबाईलवर पाहिलं. मी मापं घेऊन ताडपत्रीचं एक शिवलंही, पूर्ण जाळी झाकेल असं. पण लावायचा धीर होत नाही. इंजिन तापून बसेल का? डिझाइन कसं असावं? जमलं तर चार-पाच शिवून विकावे म्हणते. मुलगी म्हणते नाव ‘विंटर ग्रिल कव्हर’ ठेव, सासूबाई म्हणतात ‘कुंची’. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : ताई, धीर झाला नाही ते बरं झालं. जाळी पूर्ण झाकायची नाही आणि आवरण दिवसभर ठेवायचं नाही. एवढं पाळलं तर तुमची कल्पना चांगली आहे, आणि शिवणारं माणूस घरातच आहे म्हणून तर जास्तच चांगली.

आधी अ‍ॅव्हरेज का पडतो ते बघू. साध्या गाडीचं इंजिन एकदा सुरू केलं की चालूच राहतं. हायब्रिडचं इंजिन मधून मधून बंद होतं, गाडी बॅटरीवर पळते आणि पेट्रोल वाचतं ते तिथेच. पण इंजिन आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसे गरम झाल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाला असं बंद होऊ देत नाही. त्यात या गाड्यांचं इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं. ते पेट्रोलमधली जास्त ताकद चाकाला देतं, वाया जाणारी उष्णता कमी, म्हणून तापायलाही वेळ लागतो. सरांचं इंजिन नीट तापतं न तापतं तोच शाळा येते. दुपारी परत येतानाचा अ‍ॅव्हरेज वेगळा लिहून बघा, तो चांगला निघेल.

आता आवरणाने नेमकं काय होतं? पुष्कळांना वाटतं की थंड वाऱ्याने रेडिएटरमधलं पाणी गार होतं आणि त्यामुळे इंजिन तापत नाही. तसं नाही. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅटची झडप बंद असते, कूलंट रेडिएटरकडे जातच नाही. ती झडप साधारण 82 अंशांना उघडू लागते. तोपर्यंत थंड वारा जाळीतून शिरून थेट इंजिनाच्या अंगाला आणि ऑइलच्या चेंबरला लागतो. आवरण तो वारा अडवतं. म्हणजे आपण पहाटे मोटरसायकलवर निघताना छातीशी वर्तमानपत्र घालतो, त्यातलाच प्रकार. फायदा आहे, पण 19 चा 25 होणार नाही हे सरांना आधीच सांगून ठेवा.

आणि शिवायला बसण्याआधी टायर तपासा. हे मी कळकळीने सांगतो, कारण हिवाळ्यातली निम्मी तक्रार इथेच सापडते. दुपारच्या उन्हात पंपावर हवा भरली आणि पहाटे पारा 20 अंशांनी खाली आला, तर टायरमधली हवा तीन-साडेतीन पीएसआयने कमी भरते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. पायाने चालणारा किंवा बॅटरीवरचा छोटा पंप घरी असलेला बरा. हीटरही शक्यतो लावू नका, कारण केबिन गरम ठेवायला इंजिन चालू ठेवावं लागतं. शाल पांघरून 11 किलोमीटर सहज निघतात.

आता डिझाइन. टॉर्च घ्या, गाडीसमोर उकिडव्या बसा आणि जाळीच्या आत बघा. सगळ्यात पुढे बारीक पत्र्यांची चौकट दिसेल, ती बहुधा एसीची. तिच्या मागे इंजिनाचं रेडिएटर. हायब्रिडला आणखी एक सोय असते, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारं यंत्र) थंड ठेवण्याची. तिचं कूलंट वेगळं, आणि ते इंजिनाच्या पाण्यापेक्षा बरंच थंड राहायला हवं. तिचं रेडिएटर कुठे खाली असतं, कुठे पुढे, मॉडेलप्रमाणे जागा बदलते. गाडीचं पुस्तक उघडा, नाहीतर सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला बोट ठेवून दाखवायला सांगा. त्या जागेसमोर कापडाचा एक धागाही येता कामा नये. समोर रडार, कॅमेरा किंवा पार्किंगचे सेन्सर असतील तर तेही उघडे, आणि नंबरप्लेट तर उघडी हवीच. काही गाड्यांना कंपनीनेच जाळीमागे आपोआप उघडणाऱ्या झडपा दिलेल्या असतात. तशा गाडीला आवरण शिवूच नका.

म्हणून सुरुवातीला जाळीचा निम्माच भाग झाका. ताडपत्री कडक असते, वाऱ्याने फडफडते, आणि तिच्याखाली अडकलेली धूळ रंगावर ओरखडे पाडते. तुमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची मळणी, रस्त्यावर तूस उडतं, ते तर काचपेपरसारखं घासेल. त्यापेक्षा मऊ रेक्झिन घ्या, आतून जुन्या धोतराचं अस्तर लावा, कडेला गोट मारा. चुंबकाच्या नादी लागू नका, हल्लीच्या जाळ्या प्लास्टिकच्या असतात. रुंद इलास्टिकच्या पट्ट्या जाळीच्या आडव्या दांड्यांतून ओवून वेल्क्रोने बसवा. पट्टीचं टोक आत लोंबत राहिलं तर पंख्यात जाईल, म्हणून प्रत्येक टोक दुमडून शिवा. शिवायचंच नसेल तर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी आणा, लांबीत चिरा आणि जाळीच्या दांड्यांवर दाबून बसवा. परदेशात टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी वापरणारे वर्षानुवर्षं हेच करतात. दिसायला साधं, पण एकेक नळी काढता-घालता येते.

त्यांची थंडी आणि आपली थंडी मात्र एक नव्हे. तिकडे पारा महिनोन्‌महिने शून्याच्या आसपास असतो. आपल्याकडे 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 वर गेला तेव्हा ती मोठी बातमी झाली. एरवी हिवाळ्यातही सकाळी 12-13 अंश आणि दुपारी 28. तुमचं आवरण सकाळच्या अर्ध्या तासापुरतं. शाळेत पोचले की सरांनी ते काढून डिकीत टाकायचं. रात्रीही लावून ठेवू नका. गरम इंजिनाजवळ मऊ आडोसा मिळाला की उंदीर मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात.

हे एवढं आग्रहाने सांगण्याचं कारण आहे. मी ट्रॅव्हलची जीप चालवायचो तेव्हा हिवाळ्यात पहाटे रेडिएटरसमोर बारदाना बांधत असे. एकदा साकोलीहून देवरीकडे जाताना तो काढायचा राहिला. उन्हं वर आली, गाडीत दहा माणसं, आणि काटा लाल पट्ट्यात गेला तरी माझं लक्ष रस्त्यावर. वाफ निघाली तेव्हा थांबलो. हेडचं गॅस्केट गेलं होतं. माणसांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, जीप ओढत न्यावी लागली. माझ्या जीपला निदान काटा होता, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत नुसता दिवा असतो आणि तो उशिरा लागतो. म्हणून ओबीडीचं छोटं यंत्र घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा आणि मोबाईलवर कूलंटचं तापमान बघा. 85 ते 95 मध्ये राहिलं तर ठीक. 95 ओलांडून चढू लागलं की बाजूला घ्या आणि आवरण काढा.

राहिलं नाव. ‘विंटर ग्रिल कव्हर’ने दुकानदाराला वस्तू कळेल, पण ते कुणाच्या तोंडी बसणार नाही. ‘कुंची’ फार गोड नाव आहे, सासूबाईंना सांगा. पण कुंची घातलेलं बाळ दिवसभर तसंच झोपवतात, आणि मला भीती आहे ती नेमकी तीच. मी म्हणेन ‘मुसकं’. आमच्या वर्धेकडे कपाशी डवरताना बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, पिकाला तोंड लावू नये म्हणून. ते जाळीचं असतं, बैलाचा श्वास चालू राहतो. आणि डवरा सुटला की पहिलं काम मुसकं काढायचं, कारण बैलाला पाणी दाखवायचं असतं. ते बांधून ठेवून कुणी शेतकरी घरी जेवायला जात नाही. तुमच्या वस्तूचा सगळा उपयोग या एका शब्दात आहे: तोंडापुरतं, श्वास मोकळा ठेवून, कामापुरतं.

प्रत्येक मुसक्यासोबत लाल लोकरीचा एक गोंडा द्या, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बांधतात तसा. मुसकं चढवलं की गोंडा स्टिअरिंगला अडकवायचा, काढलं की गोंडा त्याच्यासोबत डिकीत.

विकायची घाई यंदा नको. हा हिवाळा सरांच्याच गाडीवर काढा, एक आठवडा मुसकं लावून, एक आठवडा न लावता, आणि रोजचं तापमान व अ‍ॅव्हरेज वहीत लिहा. विकायला लागाल तेव्हा एकच माप सगळ्यांना देऊ नका. गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी करून, टॉर्च लावून, मगच कापड कापा. वही भरली की मला पाठवा, आकडे याच पानावर छापू.