रो-हाऊसच्या गॅरेजमध्ये गाडीही राहील आणि हत्यारांचं टेबलही मावेल, अशी मांडणी कशी करावी?

तुमच्या प्रश्नातली माहिती एवढी आहे: गॅरेज १० बाय १८ फूट, पुढच्या अरुंद बाजूला शटर, मागच्या डाव्या कोपऱ्यात इन्व्हर्टर. आत सुतारकामाची आणि प्लंबिंगची हत्यारं, रंगाचे डबे, उरलेल्या फरश्या, सायकल, घोडा (घडीची शिडी), कूलर. आणि स्विफ्ट बाहेर उन्हात. कुठल्या मापाचे प्लास्टिकचे खोके घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. आत्ता एकही घेऊ नका. खोक्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. अशा गॅरेजमध्ये घोळ जमिनीपासून सुरू होतो. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूपुढं दुसरी येते, मग तिसरी, आणि मागची असून नसल्यासारखी होते. मग माणूस नवी पक्कड विकत आणतो. जमिनीवर फक्त गाडीची चाकं आणि टेबलाचे, रॅकचे पाय टेकतील, एवढं आधी ठरवा.

मापं घ्या. १० बाय १८ म्हणजे साधारण ३.०५ बाय ५.५ मीटर, पण ते नकाशावर. प्रत्यक्षात गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत टेप धरा. स्विफ्टची रुंदी आरसे सोडून १.७३५ मीटर, लांबी ३.८६. म्हणजे रुंदीत १.३ मीटर उरतं. गाडी तोंड आत करून लावली तर तुमचं दार उजवीकडं उघडणार आणि उतरायला तिथं ७५ सेंटिमीटर हवेच. डावीकडं उरले ५५. त्यात एक फूट खोलीचं, म्हणजे ३० सेंटिमीटरचं रॅक बसतं आणि गाडीला २५ सेंटिमीटर मोकळे राहतात. शेजारी बसणाऱ्यानं बाहेरच उतरायचं. दीड फुटी रॅकचा मोह टाळा. दुकानदार तेच पुढं करतो, पण मग रोज आरसा मिटून गाडी आत घ्यावी लागते आणि महिनाभरात ती पुन्हा बाहेर उभी राहते. लांबीत १.६४ मीटर उरतं. शटरपाशी १५ सेंटिमीटर सोडले आणि मागच्या भिंतीला दोन फूट खोलीचं टेबल लावलं, तरी टेबल आणि बंपर यांच्यात उभं राहायला जवळपास ९० सेंटिमीटर मिळतात. गॅरेज रिकामं झालं की गाडी आत घ्या, दार पूर्ण उघडा आणि खडूनं जमिनीवर रेघा मारा. पुढच्या चाकाच्या जागी रबरी स्टॉपर ठोकून टाका, म्हणजे अंदाजाचा प्रश्न मिटला.

रिकामं करायचं ते एकदम. अर्धं अर्धं लावत गेलं की ढीग फक्त या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो. कोरडा दिवस बघा, मे महिन्यातला किंवा नवरात्राच्या सुमाराचा. अंगणात ताडपत्री अंथरा आणि वस्तू कामाप्रमाणं वेगळ्या करा: विजेचं, नळाचं, लाकडाचं, बागेचं, गाडीचं, रंगाचं. लोखंड एकीकडं आणि प्लास्टिक दुसरीकडं अशी वाटणी बघायला छान दिसते, पण नळ गळायला लागला की पाईप पाना एका टोकाला आणि टेफ्लॉन टेप दुसऱ्या टोकाला सापडते.

काय टाकायचं? उघडलेली सिमेंटची गोणी पहिली टाका, पांढऱ्या सिमेंटसकट. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट चाचणीशिवाय वापरत नाहीत, आणि उघड्या गोणीत तर पहिल्याच पावसाळ्यात खडे होतात. सिलिकॉनच्या ट्यूबमधून बोटभर रेघ कागदावर काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रबरासारखी झालेली नसेल तर ट्यूब गेली. पाण्यातला रंग उघडल्यावर आंबूस वास आला तर तो भिंतीला लावूनही वास जात नाही. ऑइल पेंटवर नुसती साय धरली असेल तर साय काढून गाळून वापरता येतो. फरश्या मात्र सगळ्या देऊन टाकू नका. प्रत्येक खोलीच्या चार-पाच ठेवा, कारण त्याच डिझाइनची फरशी दोन वर्षांनी मिळाली तरी छटा जुळत नाही. त्या आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा.

भंगारवाल्याला बोलावण्याआधी अर्धा तास त्या ढिगापाशी बसा. पितळी नळ, तांब्याची वायर, जळक्या मोटरचं वाइंडिंग, ॲल्युमिनियमची पट्टी हे लोखंडातून वेगळं काढा. सगळं एकत्र तोललं तर लोखंडाचाच भाव मिळतो, आणि पितळ-तांब्याचा भाव त्याच्या कितीतरी पट असतो. जुनी बॅटरी भंगारात देऊ नका. नवी घेताना दुकानदार ती परत घेतो आणि बिलातून पैसे वजा करतो. चार्जर, सर्किट, जुना स्टॅबिलायझर हा ई-कचरा आहे. त्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा तो नोंदणीकृत संकलन केंद्रातच द्या. काळं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गाडीच्या गॅरेजवाल्याला द्या. आणि जुने टायर उघड्यावर असतील तर आजच हलवा. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास वाढतो.

रॅकला हात घालण्याआधी भिंत कशाची आहे ते ओळखा. आडोशाला ६ मिमीच्या बिटनं एक भोक पाडा. लाल भुगा आला तर वीट. करडा भुगा आला आणि ड्रिल जड चाललं तर काँक्रीट किंवा सिमेंटचा ब्लॉक. पिठासारखा पांढुरका भुगा आला आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलका सच्छिद्र ब्लॉक. विटेच्या भिंतीत ८ मिमीचं भोक आणि किमान ५० मिमीचा प्लग, म्हणजे स्क्रूची गिट्टी. गिलावाच १२ ते २० मिमी असतो, त्यामुळं २५ मिमीची छोटी गिट्टी निम्म्याहून जास्त गिलाव्यातच राहते आणि वजन पडलं की पोपडा घेऊन बाहेर येते. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरते. त्यासाठी रुंद पाकळ्यांचा वेगळा नायलॉन प्लग मिळतो, आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर ब्लॉक आतून ढासळून भोक सैल होतं. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली कुठल्याच भिंतीत भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते.

रॅक स्लॉटेड अँगलचं घ्या. उंची सहा फूट, फळी ३ फूट बाय १ फूट, अशी तीन रॅक डाव्या भिंतीला शटरच्या बाजूनं ओळीनं लावा. मागचा इन्व्हर्टरचा भाग मोकळा राहील. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात ठेवून अँगल १४ गेजचा आणि फळी २० गेजची मागा. न विचारता २४ गेजची फळी दिली जाते आणि रंगाची वीस लिटरची बादली ठेवली की ती पोटात वाकते. भरलेली बादली पंचवीस किलोच्या वर भरते. बोल्ट अडीच सुती (५/१६ इंची) असतात. आधी सगळे हातानंच घट्ट करा, रॅक उभं करा, ओळंबा धरा आणि मग पान्यानं आवळा. खाली पडलेलं असतानाच आवळून टाकलं की ते कायमचं तिरकं उभं राहतं. कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या वर आणि खाली दोन्हीकडं लावा, त्याशिवाय डुलणं थांबत नाही. फूटभर खोलीचं सहा फुटी रॅक पुढं कलंडू शकतं, म्हणून वरच्या टोकाला दोन क्लॅम्पनी भिंतीला बांधा. सगळं वजन जमिनीवरच जातं, भिंतीचं काम फक्त धरून ठेवायचं. सिपोरेक्सच्या भिंतीला हीच पद्धत झेपते.

सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. झाडू आत जातो, गाडी धुतल्याचं पाणी वस्तूंना लागत नाही आणि वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसते. त्याच कारणासाठी लाकडाचे तुकडे भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर कधीच ठेवू नका. फळ्यांमधलं अंतर सारखं ठेवायची गरज नाही. चार लिटरच्या डब्यांना दहा इंच पुरतात, बादलीला दीड फूट लागतो. जड वस्तू खाली, रोजच्या कंबरेपासून डोळ्यापर्यंत, वर्षातून एकदा लागणारा आकाशकंदील आणि मखर सगळ्यात वर. उजव्या भिंतीवर चार इंचांपेक्षा पुढं येणारं काही नको: घोडा आडवा टांगा, फावडं, पहार, कोयता हुकांना. सायकल शटरच्या वर टांगायच्या नादाला लागू नका. डाव्या भिंतीला पुढचं चाक वर करून टांगली तर भिंतीपासून जवळपास हँडलच्या उंचीइतकी पुढं येते, म्हणून ती आडवीच, रॅकच्या डोक्यावर बसवा.

टेबलासाठी १८ मिमी प्लायचा ८ बाय ४ चा एकच ताव पुरतो. दुकानातच लांबीत मधून कापून दोन फुटी दोन पट्टे करून घ्या, मग प्रत्येकी सहा फुटांवर कापा. दोन्ही एकावर एक फेव्हिकॉल आणि स्क्रूनी जोडले की ३६ मिमीची भक्कम पाटी झाली. उरलेले दोन बाय दोनचे दोन तुकडे शेजारी शेजारी लावले की हत्यारांचा चार बाय दोनचा बोर्ड. कमर्शियल प्लाय घेऊ नका, तो ओलीनं फुगतो. आयएस ७१० शिक्क्याचा मागा. पाय ४० बाय ४० मिमीच्या चौकोनी पाईपचे. उभं राहून हात सरळ खाली सोडले की मनगट जिथं येतं तिथं टेबलाची पाटी, सर्वसाधारण उंचीला ३४ इंच. शेगडा (बेंच व्हाइस) चार इंची पुरे. तो मधोमध न बसवता पायाच्या बरोबर वर बसवा, म्हणजे घण मारला तरी पाटी उसळत नाही, आणि त्याचा मागचा जबडा पाटीच्या कडेच्या केसभर बाहेर येऊ द्या. नाहीतर लांब पाईप उभा धरताच येत नाही. टेबल उजव्या कोपऱ्याला चिकटवा. इन्व्हर्टरकडं चार फूट मोकळे राहतील, आणि ते तसेच मोकळे ठेवायचे आहेत.

हत्यारं गंजली की सगळे पावसावर खापर फोडतात. बऱ्याचदा खरा गुन्हेगार फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली असते. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, झाकण कितीही आवळा, थोडी वाफ सुटतेच, आणि बंद शटरच्या खोलीत ऐन उन्हाळ्यातही पटाशी, करवत, पाने यांच्यावर तांबूस थर चढतो. ती बाटली गॅरेजमध्ये नकोच. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन आणि आम्लाचे बारीक तुषार सोडते. म्हणून तिच्यापासून हत्यारं किमान एक मीटर लांब, तिच्या डोक्यावर लोखंडी फळी नाही (वरून पाना पडून दोन्ही टोकांना टेकला तर वितळेपर्यंत चिकटतो), आणि तिच्या बाजूला ग्राइंडर चालवायचा नाही. हवा खेळायला वर जाळी असलेली बरी, हायड्रोजन हलका असल्यानं छताकडं जमतो. थिनर, टर्पेंटाइन पत्र्याच्या बंद पेटीत, दुसऱ्या टोकाला. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून डब्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात; दोरीवर पसरून वाळवा आणि मग फेका.

हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की गंज झपाट्यानं धरतो, म्हणजे आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत. पुठ्ठ्याचे खोके आणि वर्तमानपत्र ओल शोषून धरतात, त्यात हत्यार ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळणं. भुसा झटका, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, शेगड्याच्या आट्यांना ग्रीस लावा. मे अखेरीस एकदा आणि खंडेनवमीला हत्यारं पूजेसाठी निघतातच तेव्हा दुसऱ्यांदा. गुण्या, ड्रिलची बिटं, कानशी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवा, पुन्हा निळे होतात.

आता खोके. स्क्रू, गिट्ट्या, वॉशर यांना पारदर्शक बरण्या, आणि झाकणावर नाही तर अंगावर माप लिहा, झाकणं अदलाबदल होतात. सगळे मिसळलेले जुने स्क्रू निवडत बसू नका. मूठभर चांगले काढा आणि बाकी भंगारात घाला. बोर्डावर प्रत्येक हत्याराभोवती मार्करनं रेघ मारा, खिळे किंचित वर झुकवून ठोका. फळ्यांवरची साधारण एक पंचमांश जागा रिकामी सोडा, पुढच्या महिन्यात काहीतरी येणारच. आणि शटरच्या खालच्या पट्टीला रबर लावून घ्या. बोटभर फटीतून उंदीर येतो, आणि आता आत गाडी असणार आहे. बॉनेटखालच्या वायरी त्याला हत्यारांपेक्षा जास्त आवडतात.