अमूर्त चित्रांत भावना, ओळख आणि समूह असतो म्हणतात, ते खरे आहे का?

आपण विचारले आहे की, एका कलादालनात अमूर्त चित्रांचे प्रदर्शन पाहताना भिंतीवरच्या टिपणात ‘ही चित्रे म्हणजे भावना, ओळख आणि समूह यांच्यासाठीचा अवकाश आहे’ असे लिहिलेले होते, प्रत्यक्षात मात्र आपल्याला रंगांचे पट्टे तेवढे दिसले. तेव्हा हे विधान खरे मानावे की शब्दांचा फुलोरा समजावा? मी बरीच वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि अशी टिपणे पुष्कळ वाचली. त्यांतील निम्मी तरी कोणत्याही चित्राशेजारी चिकटवली तरी खपून जातील. तरीही हे विधान मुळातच खोटे नाही. ते कोणत्या चित्राबद्दल केले आहे, हे पाहावे लागते.

आपल्याकडे या शंकेला एक ठरलेले उत्तर दिले जाते: आलापाचा अर्थ कोणी विचारत नाही, मग चित्राचा का विचारता? मला हे उत्तर अपुरे वाटते. आलाप ऐकणाऱ्याच्या कानात राग थोडाफार तरी मुरलेला असतो. चित्रासमोर तशी तयारी सर्वांचीच नसते. म्हणून तत्त्वचर्चा बाजूला ठेवून एका चित्राविषयी सांगतो.

मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७ साली अलीगढला झाला. वडील तेथील विद्यापीठात इतिहास शिकवत. झरीना स्वतः गणित शिकल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी आईवडील कराचीला गेले, तर झरीना यांचा संसार बँकॉक, पॅरिस, दिल्ली असा फिरत शेवटी न्यूयॉर्कला स्थिरावला. २००१ साली त्यांनी ‘डिव्हायडिंग लाइन’ नावाचे वुडकट केले, म्हणजे लाकडी ठशावरून घेतलेले मुद्राचित्र. कागदावर एक काळी, वेडीवाकडी रेघ वरून खाली उतरते. माणसे, गाड्या, घरे, गावांची नावे यांपैकी काही नाही. नाव वाचले की कळते, ही १९४७ ची भारत-पाकिस्तान सरहद्द. वुडकटमध्ये जे छापायचे तेवढे उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढावे लागते. म्हणजे ही एक रेघ राखण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंची जमीन खरवडावी लागते. मुलांना मी हे तंत्र लिनोलियमवर शिकवत असे, परंतु त्यात असे काही सांगण्याची सोय आहे, हे मला या चित्रामुळे कळले.

माझी एक आत्या कराचीत जन्मलेली. मुंबईला आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुस्तकातील हे चित्र मी तिला दाखवले, तेव्हा तिने काही वेळ ते निरखले आणि एवढेच विचारले, “एवढीच?” फाळणीच्या काफिल्याचे छायाचित्र दाखवले असते तर तिने त्यातील माणसांविषयी हळहळ व्यक्त केली असती, कारण ती दुसऱ्यांची कथा झाली असती. या रेघेभोवतीच्या कोऱ्या कागदात मात्र तिला तिचे घर ठेवता आले. ‘अवकाश’ हा शब्द मी येथे मान्य करतो. परंतु तो अवकाश मोकाट नव्हता. चित्राचे नाव आणि १९४७ चे ज्ञान या दोन गोष्टी काढून घेतल्या असत्या, तर तीच रेघ नदी किंवा भिंतीची भेग म्हणूनही पाहता आली असती.

झरीना यांच्याच १९९९ च्या ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ या ३६ वुडकटांच्या मालिकेत प्रत्येक आकृतीबरोबर एक उर्दू शब्द आहे: घर, उंबरठा, अंतर, सरहद्द असे. मला उर्दू लिपी वाचता येत नाही, त्यामुळे माझ्यापुरता तो शब्दही आकृतीच होऊन बसतो. जी त्यांच्या घरातील भाषा, ती माझ्यासाठी नुसते वळण! ओळख म्हणजे काय, हे त्या न वाचता येण्यात मला जितके जाणवले तितके एखाद्या व्यक्तिचित्रात जाणवले नसते.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याबाबत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवत आणि काढत, वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पूर्ण करणारा हा माणूस आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणवून घेण्यासही राजी नव्हता. त्या चित्रांसमोर मन निवते, हे मी अनुभवले आहे. पण त्यांना ‘समूहाचा अवकाश’ म्हणणे ओढूनताणून वाटते. ती चित्रे एकट्याने केलेली आणि एकट्यानेच पाहायची आहेत.

समूह पाहायचा असेल, तर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या नदीच्या वळणावरील वस्तीकडे जावे लागेल. गुलामगिरीत राबलेल्या कुटुंबांच्या वंशजांची ही वस्ती. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया कामाचे जुने कपडे फाडून, त्यांचे तुकडे जोडून क्विल्ट शिवत आल्या. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवतात, त्याच जातीचे हे काम. तेथील मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली, पतीच्या निधनानंतर, त्यांच्याच कामाच्या कपड्यांची क्विल्ट शिवली, हेतू हा की ती पांघरून त्यांची आठवण जपावी. वरवर पाहता ते विटलेल्या निळ्या-करड्या पट्ट्यांचे चित्र आहे. येथे तुमचे ‘रंगांचे पट्टे’ पुन्हा आले, फक्त हे अंगावर झिजून आलेले.

या वस्तीतील लोक मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली त्यांची नदी ओलांडण्याची नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६६ मध्ये परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली आणि क्विल्ट विकून मिळकत उभी केली. २००२ मध्ये या क्विल्ट न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या आणि लोक त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी करू लागले. ही तुलना मला थोडी उलटी वाटते. घराघरांत नमुने एकमेकींचे पाहून, मायलेकींनी बरोबर बसून हे शिकलेले होते. चित्रकारांच्या दाखल्याची त्याला गरज नव्हती.

तेव्हा तुम्ही पाहिलेल्या प्रदर्शनाकडे शक्य असल्यास पुन्हा जा आणि टिपण शेवटी वाचा. आधी पट्टे कशाचे आहेत, रंग चढवला आहे की खरवडला आहे, चित्राचे नाव काय, हे पाहा. टिपणात ज्या समूहाचा उल्लेख आहे तो नेमका कोणाचा, आणि त्या लोकांनी हे चित्र पाहिले आहे का, असे तेथे चित्रकार भेटल्यास निःसंकोच विचारा. याला उत्तर मिळाले नाही, तर तुमची शंका रास्त होती असे समजा.