नाव खोडलं तरी गाव ओळखतंय की!

प्रश्न : शिरोळ तालुक्यात 2019 च्या पुरावर सर्व्हे केला. एक्सेलमधून नावं आणि मोबाईल नंबर डिलीट केलेत. आता शीट दुसऱ्या कॉलेजला द्यायला हरकत नाही ना?

आहे. गाव, वय, नोकरी, घरातली माणसं तसंच आहे की सगळं, 'बाई, 41, पोस्टात, जुळी पोरं' एवढं वाचलं की पारावरचं कुणीबी सांगेल कोण ते. 1990 च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी नोकरांचा दवाखान्याचा डेटा असाच नावं काढून दिला होता, लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी, तिनं मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड (तिकडचा पिनकोड) जुळवला आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचीच नोंद हुडकून काढली! तेव्हा हेच कॉलम एकत्र सॉर्ट करा, जी ओळ एकटी पडती तिथं गावाऐवजी तालुका टाका, 41 ऐवजी 40-44. निदान पाच ओळी सारख्या दिसू देत (पाच हा काय देवानं दिलेला आकडा नाही, आजार-कर्जाची माहिती असेल तर वाढवा). आणि पाचही जणांपुढं 'सावकाराचं कर्ज' असंच असेल तर कोण कुठला हे न कळताही गुपित फुटलंच.

प्रश्न : हुपरीच्या चांदी कारागिरांचे मोबाईल नंबर हॅश केलेत (म्हणजे ठरलेल्या सूत्रानं न वाचता येणाऱ्या अक्षर-आकड्यांत बदललेत). आता सेफ?

नाही ओ. आपले नंबर दहा आकडी, सुरुवात 6 ते 9 नं, म्हणजे फार तर 400 कोटी शक्यता, साधा हॅश असला तर कॉम्प्युटर सगळ्या नंबरांचे हॅश काढून तुमच्याशी जुळवून बघतोय. त्यापेक्षा रँडम कोड द्या, कोड-नावाची यादी वेगळी, पासवर्डखाली ठेवा. ती यादी आहे तोवर डेटा निनावी झाला असं रिपोर्टात लिहू नका.

प्रश्न : एवढं सगळं झाकल्यावर गाईड म्हणतात, उरलं काय?

गाईडचं बरोबर आहे, सरसकट कात्री लावली तर डेटा कचराच होतोय. आधी ठरवा, नेमकं काय शोधायचंय. पुरानंतर माणूस किती दिवसांनी दवाखान्यात गेला हे पाहिजे असेल तर तारीख कशाला, 'पाणी शिरल्यापासून 9 दिवस' एवढंच ठेवा. मुलाखतीतही नावावर फुल्या मारत बसू नका, 'धाकटी जाऊ', 'सोसायटीचा सेक्रेटरी' असं लिहा, कोण कुणाला काय बोललं ते तरी समजतं. पण गावात एकच सोसायटी असेल तर सेक्रेटरीपण 'एक पदाधिकारी' करून टाका.