कपाशीची फुलं उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहतात. काय करावं?

ही डोमकळी, म्हणजे आत गुलाबी बोंडअळी आहे. पाकळ्या सोडवून बघा. अळीनं त्या लाळेच्या धाग्यानं शिवलेल्या दिसतील. अशी फुलं तोडून जाळा, बांधावर टाकू नका.

एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) पिकापेक्षा फूटभर उंच लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा २० हिरवी बोंडं चिरून दोनांत अळी निघाली, तर कीटकनाशकाची फवारणी टाळू नका. त्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक लवकर मारलं की पांढरी माशी उसळते.

जळगाव-धुळ्याकडे पाणी असलं की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे ठेवायचा मोह होतो. कृपया ठेवू नका, अळी तिथंच पोसते.